यादी कोणाच्या हातची?



‘यादी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याच्या मुळाशी ‘याद’ आहे, आणि याद म्हणजे आठवण. तेव्हा यादी म्हणजे कागदावर उतरवून ठेवलेली आठवण, असा त्याचा साधा अर्थ. पण आपल्याकडे या शब्दाला आणखीही एक वजन आहे. लग्न ठरले म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसून ‘याद्या करतात’. कोणी काय द्यायचे, कोणी काय करायचे, जेवणावळी कोणाकडे, मानपान कोणाचा, हे सारे कागदावर उतरते आणि खाली सह्या होतात. एकदा याद्या झाल्या म्हणजे शब्द फिरवता येत नाही. आठवणीचा असा करार होतो. मग तो कागद कोणाच्या हातचा, सहीच्या वेळी दुसरी बाजू हजर होती की नव्हती, यावर पुढे मांडवात कोणाची मान खाली जायची ते ठरते.

आज आम्ही घेतलेला विषय वरवर पाहता कारकुनी वाटेल. हल्ली मंगल कार्यालये, हॉटेले, सभागृहे, सहलीच्या गाड्या यांची बुकिंगे संगणकावर होतात. बुकिंग पक्के झाले, की त्यासाठी करावयाच्या कामांची यादी संगणक आपोआप काढतो आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलवर धाडतो. त्या यादीचा एक कायमचा साचा आधीच करून ठेवलेला असतो. त्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. हा साचा आला कोठून, तो कोणी घडवला, आणि कामगाराने त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे आजच्या व्याख्यानाचे सूत्र. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा पंडिती ऐकण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये; पण जे सांगू ते तपासून सांगू.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. एका मंगल कार्यालयात मे महिन्याच्या १२ तारखेचे लग्न नोंदवले गेले असे समजा. साच्यात तारखा लिहिलेल्या नसतात. अंतरे लिहिलेली असतात. ‘कार्याच्या १५ दिवस आधी आचाऱ्याला निरोप’, ‘२ दिवस आधी पाण्याची टाकी धुणे’, ‘आदल्या संध्याकाळी खोल्या झाडून गाद्या टाकणे’, ‘कार्यानंतर ३ तासांत भांडी मोजून घेणे’. बुकिंगची तारीख मिळाली की संगणक ही अंतरे मोजून प्रत्येक कामावर खरी तारीख घालतो. साच्यात माणसाचे नावही बहुधा नसते, हुद्दा असतो. ‘सफाई’, ‘भांडारी’, ‘वायरमन’. त्या दिवशी पाळीवर जो असेल त्याच्या नावावर ते काम पडते. लग्न पुढे ढकलले तर सर्व कामे तितक्याच दिवसांनी पुढे सरकली पाहिजेत. मोडले तर ती यादीतून उतरली पाहिजेत. जेथे प्रणाली नीट लावलेली नसते तेथे मोडलेल्या लग्नाच्याही गाद्या टाकल्या जातात! आणखी एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. साचा आज बदलला, तर आधी निघालेल्या याद्या बदलतात का? काही प्रणालींत बदलतात, काहींत जुन्या याद्या जुन्याच राहतात. सकाळी पाहिलेली यादी दुपारी न सांगता वेगळी झालेली असू शकते, हे ज्याला तिच्याप्रमाणे राबायचे आहे त्याला ठाऊक असले पाहिजे.

अशी यादी करण्याची कला संगणकाने शोधून काढली असे मात्र कोणी समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सवाई माधवरावांचे लग्न पुण्यात झाले, तेव्हा नाना फडणीसांच्या कारभारात पाहुण्यांच्या सरबराईपासून पंगतींपर्यंत तपशीलवार तजवीज लिहून ठेवलेली होती, आणि ती इतिहास-संशोधकांनी पुढे छापून प्रसिद्धही केली. मोठे कार्य, हजारो हात, आणि मध्ये एक लिहिलेला कागद, ही रीत आपल्या मातीला नवी नाही. नवी गोष्ट एकच झाली. हा कागद जो काम करतो त्याच्यापासून दूर गेला आणि त्याच्यावर मिनिटे लिहिली जाऊ लागली. ती गोष्ट अमेरिकेत घडली.

फ्रेडरिक विन्स्लो टेलर हा फिलाडेल्फियाचा इंजिनियर. पोलादाच्या कारखान्यात साध्या कामापासून चढत तो वर आला. त्याने पाहिले, की कारखान्यातले खरे ज्ञान कामगारांच्या हातात आणि डोक्यात आहे. मालकाला ते नीटसे ठाऊकही नाही. ते ज्ञान काढून घ्यावे, मोजावे, नियोजनाच्या खोलीत बसलेल्या माणसांनी त्याचे लेखी हुकूम करावेत आणि रोज सकाळी कामगाराच्या हाती एक सूचना-पत्रक द्यावे, अशी त्याची योजना. काय करायचे, कसे करायचे आणि किती वेळात, हे तिन्ही त्या पत्रकावर. ‘नेमून दिलेले काम’ या कल्पनेला त्याने आपल्या पद्धतीच्या मध्यभागी बसवले. १९११ साली त्याने ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. १८९९ साली बेथलेहेम पोलाद कारखान्यात ओतीव लोखंडाचे ठोकळे गाडीत भरणाऱ्या एका मजुराकडून दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन काम कसे करवून घेतले, याची कथा त्यात आहे. मजुरी किती वाढली? १ डॉलर १५ सेंटांची १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट. मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. हा हिशेब आमच्या कोणत्याही खात्यातला बिगारी बोटांवर करील. पुढे १९७० नंतरच्या दशकात संशोधकांनी मूळ कागद तपासले, तेव्हा ही कथा टेलरने सांगितली तितकी सरळ नव्हती असेही दिसून आले.

त्याच १९११ सालच्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात एका साचेकाराच्या मागे घड्याळ घेऊन माणूस उभा केला गेला. ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे ते कसबी लोक. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते बाहेर पडले. संप लहान होता, पण त्याचा आवाज अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेला. चौकशी समिती नेमली गेली, १९१२ च्या जानेवारीत खुद्द टेलरची साक्ष झाली, आणि १९१५ साली काँग्रेसने लष्करी खर्चाच्या मंजुरीतच अट घातली, की हा पैसा कामगारावर घड्याळ लावण्यासाठी वापरता येणार नाही. ती बंदी १९४९ पर्यंत टिकली. टेलर १९१५ सालीच वारला. त्याचे पत्रक मात्र जगभर पसरले.

ते मुंबईलाही आले. १९२७-२८ च्या सुमारास गिरणीमालकांनी ‘रॅशनलायझेशन’ नावाची गोष्ट सुरू केली. जो विणकर दोन माग चालवी त्याने तीन किंवा चार चालवावेत, कातखात्यात एकेकाने दुप्पट बाजू सांभाळाव्यात, असा तिचा व्यवहारातला अर्थ. जोडीला त्यांनी दरांची व कामांची एकसारखी योजना पुढे केली. कोणत्या खात्यात किती माणसे, कोणाला कोणते काम, कोणत्या कामाला कोणता दर, हे सर्व गिरण्यांना एकाच साच्यात बसवणारे कोष्टक. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. सहा महिने भोंगे मुके राहिले. गिरणी कामगार युनियनचा जन्म याच संपातला. समझोत्यात सरकारने हायकोर्टाचे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. संप समितीच्या १७ मागण्या, मालकांची ती एकसारखी योजना आणि गिरणीतले स्थायी हुकूम हे सारे त्या समितीपुढे आले. १९२९ साली तिचा अहवाल आला.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्यावा, कारण त्याविषयी पुष्कळ गैरसमज आहे. कामगार पुढाऱ्यांचे भांडण कोष्टकाशी नव्हते. एकाच कामाला शेजारच्या दोन गिरण्यांत दोन दर असावेत, रजा आणि दंड जॉबरच्या मर्जीवर चालावेत, ही जुनी अंदाधुंदी कामगारालाच अधिक नडत होती. नाक्यावरच्या जॉबरला चिरीमिरी दिल्याशिवाय ज्याला बदलीचे काम मिळत नसे, त्याला लिहिलेला नियम हा आधारच होता. भांडण होते ते कोष्टकाच्या आडून मजुरी कापण्याशी आणि बोजा वाढवण्याशी. कोष्टक असावे, पण ते लिहिताना आम्ही बसलेले असावे, हे त्या लढ्याचे सार. त्याला यश यायला १९ वर्षे लागली. १९४७ साली मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने कापड गिरण्यांतील वेतनाचे प्रमाणीकरण ठरवून देणारा निवाडा दिला, आणि किमान मूळ पगार २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये ठरला.

मधल्या काळात कायद्यानेही हे तत्त्व ओळखले. १९४६ साली स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला. या कायद्याला जोडून ‘आदर्श स्थायी आदेश’ आले. म्हणजे काय? हजेरी, पाळ्या, रजा, गैरवर्तन, बडतर्फी यांचा एक नमुना; प्रत्येक कारखान्याने तो समोर ठेवून आपला मसुदा करायचा. आजच्या भाषेत बोलायचे तर देशाने केलेले टेम्प्लेटच ते. पण त्यात एक कलम असे होते, की मसुद्याची प्रत युनियनला, आणि युनियन नसेल तर कामगारांच्या प्रतिनिधींना द्यायची, त्यांच्या हरकती ऐकायच्या, मगच अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा. साचा मालकाने मांडावा, पण कामगाराचे ऐकल्यावाचून तो पक्का होऊ नये. ही तरतूद पुढे २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत घेतली गेली. मात्र पूर्वी १०० कामगारांची असलेली मर्यादा तेथे ३०० वर नेली. लहान हॉटेले आणि मंगल कार्यालये या मर्यादेच्या जवळपासही येत नाहीत. म्हणजे ज्यांच्या हातात आज यादी पडते त्यांतल्या बहुसंख्यांना ऐकून घेण्याचा तो हक्क नाही, हे आम्हांला सांगितलेच पाहिजे.

आता यादीची दुसरी परंपरा पाहू. ती पहिलीच्या अगदी उलट आहे. १९३५ च्या ऑक्टोबरची ३० तारीख. अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड या विमानतळावर बोइंग कंपनीचे चार इंजिनांचे नवे बाँबफेकी विमान लष्कराला दाखवण्यासाठी उडाले. ते वर चढले, तोल गेला, कोसळले आणि पेटले. अनुभवी वैमानिक मेजर हिल आणि बोइंगचे चाचणी-वैमानिक टॉवर हे दोघेही प्राणाला मुकले. चौकशीत निघाले काय? विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून एक अडसर लावलेला असतो. तो काढायचा राहून गेला होता. यंत्र निर्दोष, माणसे कसलेली, आणि तरी एक अडसर विसरला. यावर लष्कराच्या वैमानिकांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. त्यांनी एक यादी केली. उड्डाणापूर्वी काय पाहायचे, उड्डाणात काय, उतरण्यापूर्वी काय आणि उतरल्यावर काय. पुढे तेच विमान १२ हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले.

टेलरचे पत्रक आणि वैमानिकाची यादी दोन्ही कागदाचेच तुकडे. पण टेलरच्या पत्रकामागचा समज असा, की कामगार अंग चोरतो. वैमानिकांच्या यादीमागचा समज असा, की चांगला माणूसही विसरतो. पहिले पत्रक वरून खाली आले, दुसरी यादी उडणाऱ्यांनी उडणाऱ्यांसाठी केली. पहिल्यात घड्याळ होते. दुसरीत थांबण्याची मुभा होती. एखादी गोष्ट जागेवर नसेल तर विमान उडवायचे नाही, हा अधिकार त्या यादीनेच वैमानिकाला दिला. आमच्या मते आजच्या प्रत्येक टेम्प्लेटला हाच प्रश्न विचारला पाहिजे: तू टेलरच्या घरचा, की वैमानिकाच्या?

आता बुकिंगकडे वळू, कारण यादीला संगणकाची गाडी तेथेच जोडली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विमानप्रवास वाढला, आणि जागा राखण्याचे काम फळ्यांवर व कार्डांवर चालेना. एका जागेची नोंद पुरी व्हायला सरासरी दीड तास लागे. १९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ आणि आयबीएम कंपनीचा स्मिथ याच आडनावाचा एक विक्रेता शेजारी बसले, आणि त्या गप्पांतून ‘सेबर’ नावाच्या प्रणालीचे बीज पडले. १९६० साली तिचे काम सुरू झाले; १९६४ पर्यंत त्या कंपनीची सर्व बुकिंगे तिच्यावर आली. सेबरने प्रवाशाच्या नावाने एक नोंद ठेवली, आणि त्या नोंदीला पुढची कामे चिकटू लागली: तिकीट अमुक वेळेआधी काढणे, वेळापत्रक बदलले तर फोन करणे, प्रतीक्षा यादीतल्याला जागा मिळाली की कळवणे. अशा प्रणालींत ही कामे कारकुनापुढे रांगेत लागत. त्या रांगेला त्यांच्या भाषेतही रांगच म्हणतात. एकदा नोंद केली, की तिच्यातून कामे उगवू लागली. आजच्या बुकिंग-सॉफ्टवेअरचे बीज हेच.

आपल्याकडे हा बदल रेल्वेने दाखवला. पूर्वी आरक्षण जाड वह्यांत होई. ज्या गाडीची वही ज्या खिडकीवर, तिचे तिकीट तेथेच. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि लवकरच मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे ते आले. कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. २००२ सालच्या ऑगस्टपासून तिकीट घरबसल्या इंटरनेटवर मिळू लागले. कामगार संघटनांना त्या काळी संगणकाची धास्ती होती, आणि नोकऱ्यांच्या दृष्टीने ती अगदीच निराधार नव्हती. पण तासन्‌तास रांगेत उभे राहणारा प्रवासीही श्रमिकच होता, हे विसरून चालणार नाही. यंत्राला सरसकट शिव्या देणारा पुढारी आपल्याच माणसांच्या नजरेतून उतरतो.

यादीने प्राण वाचतात का? याचे उत्तर मोजून काढले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक यादी तयार केली. रोगी तोच ना, बाजू तीच ना, हत्यारे-बोळे मोजले ना, अशा साध्या गोष्टी. आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक, ती लावून पाहिली. मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले. हा निष्कर्ष २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि जगभर वाहवा झाली. मग कॅनडातील ओंटारिओ प्रांताने ही यादी आपल्या रुग्णालयांना सक्तीची केली. २०१४ साली तेथील १०१ रुग्णालयांचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. यादी तीच, माणसे शिकलेली, मग फरक का पडला? तज्ज्ञांचे त्यावर वाद झाले आणि आम्ही त्यात डॉक्टरांना शिकवणार नाही. पण कारखान्यात ज्याने आयुष्य घालवले त्याला एक गोष्ट लगेच कळते. जेव्हा यादी आपली असते तेव्हा माणूस ती पाळतो. जेव्हा ती वरून आलेली असते तेव्हा तो फक्त खुणा करतो. सर्व चौकोन भरलेले आणि बोळा पोटात, असे होऊ शकते.

आता हॉटेलातल्या खोल्यांकडे येऊ. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील आठ शहरांत मॅरियट हॉटेलांतील ७ हजारांहून अधिक कामगार संपावर गेले. सॅन फ्रान्सिस्कोचा संप डिसेंबरपर्यंत चालला. मागणी मुख्यतः अशी, की एका नोकरीवर घर चालले पाहिजे. पण त्या संपात एक नवा विषयही होता: यंत्र आणि सॉफ्टवेअर आणण्याआधी आम्हांला कळवा, आमच्याशी बोला, आम्हांला शिकवा. खोल्या साफ करणाऱ्या बायांच्या हाती तोवर फोन आलेला होता. पूर्वी त्या आपल्या मजल्याचा क्रम आपण ठरवीत. कोणती खोली आधी, कोणती जड, कंबर कधी सरळ करायची हे त्यांना ठाऊक. आता पुढची खोली फोन सांगे, आणि जड गाडी ढकलीत या टोकाचे त्या टोकाला जावे लागे. झालेल्या करारांत नव्या तंत्रज्ञानाची आगाऊ सूचना देण्याचे कलम आले. वॉटरटाऊनचा साचेकार आणि ही खोली आवरणारी बाई यांच्यात १०७ वर्षांचे अंतर आहे. मागणी मात्र एकाच जातीची.

आपल्याकडे हे घडत नाही असे समजू नये. परळ-लोअर परळच्या ज्या जमिनींवर गिरण्या होत्या, तेथे १९८२ च्या संपानंतरच्या काळात मॉल, कार्यालये, हॉटेले उभी राहिली. ज्याचा आजोबा साच्यावर होता, तो नातू आज तेथे खोल्या आवरतो. काही वर्षांपूर्वी एका शहरातील एका अतिथिगृहाचे कामगार आमच्याकडे आले. नाव सांगण्याचे कारण नाही. फोनवर प्रत्येक खोलीला ११ कामे आणि २५ मिनिटे. साचा केला होता एकट्या-दुकट्या पाहुण्याच्या खोलीवरून. लग्नसराईत त्याच खोलीत सहा माणसे आणि दोन लेकरे राहून जात. जमिनीवर अक्षता, न्हाणीघरात हळद. फोनला त्याची खबर नाही. धोब्याकडून चादरी आल्या नाहीत तरी खोली ‘उशिरा’ ठरे, लाल खूण उमटे, आणि दिवाळीच्या बोनसच्या वेळी त्या खुणा मोजल्या जात. ‘काम झाले’ आणि ‘काम झाले नाही’ एवढेच दोन चौकोन; ‘का झाले नाही’ याला जागाच नव्हती.

आम्ही त्यांना मोर्चा काढायला सांगितले नाही. एक वही दिली आणि म्हटले, तुम्ही खरोखर काय काय करता ते लिहा. पंधरा दिवसांनी त्यांनी आणलेल्या यादीत ११ ऐवजी १७ कामे होती. गादीखाली पाहुण्याचे दागिने राहिले आहेत का ते पाहणे, गळका नळ कळवणे, आजारी पाहुण्याला गरम पाणी देणे. ही सहा कामे रोज होत होती आणि कोणाच्याच हिशेबात नव्हती. वही टेबलावर ठेवली तेव्हा व्यवस्थापक बराच वेळ पाने उलटीत राहिला. शेवटी गर्दीच्या दिवसांचा वेगळा साचा झाला आणि ‘का झाले नाही’ याचा रकाना आला. लाल खुणा बोनसला लावू नयेत ही तिसरी मागणी मात्र अजून लोंबकळत आहे.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काही व्यवहाराच्या गोष्टी काढल्या आहेत. ज्यांच्या हाती मंगल कार्यालय, दुकान, संस्था आहे अशीही मंडळी येथे बसली आहेत. त्यांनीही त्या ऐकाव्यात, कारण त्यांत त्यांचाही फायदा आहे.

पहिली गोष्ट, साचा करताना जो काम करतो त्याला बोलवा. त्याच्या डोक्यातले ज्ञान उतरवून घ्यायचे असेल, तर त्याचे मोल आणि मान दोन्ही द्या. दुसरी, साचा केव्हा बदलला आणि कोणी बदलला याची नोंद राहू द्या, आणि चालू कामाची यादी न कळवता बदलू नका. तिसरी, मिनिटे घालायची असतील तर सोप्या दिवसावरून घालू नका. जड दिवसाला वेगळा साचा करा. चौथी, प्रत्येक कामापुढे ‘का झाले नाही’ याला जागा ठेवा. वैमानिकाला विमान थांबवण्याचा अधिकार होता, तर वायरमनला उघडी तार पाहून दिवे न लावण्याचा अधिकार असलाच पाहिजे. पाचवी, विसर टाळण्यासाठी केलेली यादी शिक्षेचे पुस्तक करू नका. ज्या दिवशी खुणा मोजून पगार कापला जातो, त्या दिवसापासून खुणा खोट्या पडू लागतात. मग त्या यादीवर मालकालाही विश्वास ठेवता येत नाही.

आणि कामगार बंधुभगिनींना आमचे सांगणे असे, की यादीला भिऊ नका आणि तिला देवही मानू नका. लिहिलेला शब्द दुबळ्याच्या उपयोगाचा असतो. तोंडी हुकूम नेहमी बलवानाच्या बाजूने फिरतो. ‘हे काम माझे नव्हते’, ‘ही वेळ ठरली नव्हती’ हे सिद्ध करायला उद्या हीच यादी तुमच्या उपयोगी पडेल. मात्र तिच्यावर तुमचा हात फिरलेला असला पाहिजे. हॉटेलात युनियन नसेल तर चारजणांनी मिळून वही लिहा. कायद्याची मर्यादा ३०० ची असेल, पण वही लिहायला चारजण पुरतात.

लग्नाच्या याद्यांवर एकाच बाजूची सही असेल तर त्यांना कोणी याद्या म्हणत नाही. गिरणीच्या कोष्टकाला दुसरी सही मिळायला १९ वर्षे आणि सहा महिन्यांचा उपास लागला. फोनवरच्या यादीला ती मिळायला तितका काळ लागू नये, एवढीच आमची इच्छा.